सहा सेकंदांचं रागावणं

आधीच सांगून ठेवते, मला राग लवकर येतो आणि उतरायला वेळ लागतो. बावीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्याच्या चुका शोधण्याचाच पगार घेतलेल्या बाईचा स्वभाव गोड कसा राहील? छापखाना बंद पडून मी घरी बसले, तेव्हा पहिल्या महिन्यातच दूधवाल्याच्या पाटीवरच्या ऱ्हस्व-दीर्घावरून त्याच्याशी भांडून झालं. मग एक दिवस बहिणीची मुलगी आली. ही इतकी कमी बोलते की तिच्या टीममधल्या मुलींनी तिचं नाव गप्पी ठेवलंय. दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, आम्हाला वाचणारं कुणीतरी हवंय."

'आम्हाला' म्हणजे पाच मुलींच्या टीमला. या मुली कॉम्प्युटरवर गेम खेळतात, पण वेळ जात नाही म्हणून नव्हे. स्टेजवर, पंच बसवून, हजारभर माणसांसमोर खेळतात. हा गेम बनवणारी कंपनी दर काही आठवड्यांनी त्यात बदल करते. त्याला अपडेट म्हणतात, आणि प्रत्येक अपडेटबरोबर काय काय बदललं याची वीस-बावीस पानांची यादी येते. मुली दुसऱ्या पानापुढे जात नव्हत्या. मी जुनी यादी डावीकडे ठेवली, नवी उजवीकडे ठेवली, पट्टी लावली आणि लाल पेन्सिलीने ओळ न् ओळ ताडून पाहिली. चौदाव्या पानावर एक बारीक बदल सापडला. तो दुसऱ्या कुठल्याच टीमच्या लक्षात आला नव्हता. त्या आठवड्यातली मॅच आम्ही त्या एका ओळीवर जिंकलो आणि मी कोच झाले. माऊस मला अजूनही धड धरता येत नाही. मुली तोंडावर मला 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'काना-मात्रा'. मला ते ऐकू येत नाही असा त्यांचा समज आहे.

आमची खोली फ्रिज दुरुस्तीच्या दुकानावर होती. दुकानाच्या मालकांना खेळाचं वेड, त्यांनी दोन वर्षं ती खोली फुकट वापरू दिली. खाली कॉम्प्रेसर घुरघुरायचे, वर पाच पंखे आणि पाच मुली. पण दुकान वाढलं होतं. मालक एकदा जिना चढून आले, ओशाळले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यापासून मला इथं सुटे भाग ठेवायला लागतील. तोवर तुमचं काही झालं तर बघा."

'काही झालं तर' म्हणजे कप. महिलांच्या कपची फायनल जिंकणाऱ्या टीमला लीगमध्ये जागा मिळते. लीगमध्ये गेलं की सरावाला हॉल, मशीनं, महिन्याचा पगार, सगळं लीगचं. फायनल हरलो तर खोलीत सुटे भाग आणि पाच मुली पाच दिशांना. आमच्या कप्तानाच्या आईने तर बस डेपोतल्या तिकीट खिडकीच्या नोकरीचा अर्ज भरून, सही करायच्या जागी बारीकशी फुली मारून, फ्रिजच्या दारावर लावून ठेवला होता. कप्तान रोज सकाळी दूध घेताना ती फुली बघायची.

आता गेमबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मध्ये नदी, दोन्ही काठांवर एकेक दीपस्तंभ. दुसऱ्याचा दीपस्तंभ विझवला की डाव जिंकला. आमची कप्तान नावाडी खेळते. नावाडी तिघींना होडीत घेतो, धुकं पसरवतो आणि पलीकडे नेतो; पाचवी आपला दीपस्तंभ राखते. धुक्यात समोरच्यांना काही दिसत नाही, पण आपल्यालाही दिसत नाही, स्क्रीन पांढराफटक. होडी काठाला लागते त्या क्षणी नावाड्यासकट चौघींनी एकदम उडी मारायची. जिने आधी बटण दाबलं ती पाण्यात. उशीर केला ती होडीतच अडकली. होडीला सहा सेकंद लागतात आणि ते सहा सेकंद कुणीच दाखवत नाही.

मग मोजायचे कसे? आकडे म्हणून पाहिले. पण घाई नावाची आमची एक खेळाडू आहे. तिचे सहा आकडे चार सेकंदांत होतात. जांभई नावाची दुसरी आहे, तिचे नऊ सेकंदांत. घाबरलं की आकडे पळतात. यावर तोड कप्तानाने काढली आणि ती माझ्या येण्याआधीपासून चालत आलीये. तिची आई बस डेपोत गाड्यांच्या वेळा सांभाळते. ती रोज पहाटे बुटाच्या नाड्या बांधता बांधता मुलीला उठवायला एकच ओरडा घालते, आणि तो बरोब्बर सहा सेकंदांत बसतो. कप्तान सांगायची, "घड्याळ चुकेल, आई नाही चुकणार." तर होडी धुक्यात शिरली की पाचही मुली एका सुरात कप्तानाच्या आईसारख्या रागवायच्या:

"ऊठ गं बाई, ऊठ! ऊन आलं तोंडावर, डबा भरून झाला, बस काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

शेवटच्या 'आहे'ला उडी. आकडे पळतात, पण रागावणं पळत नाही. ज्याला रागावायचंय त्याला प्रत्येक शब्द पोचवायचा असतो. हे मला विचारा.

कप्तानाच्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलगी गेम खेळते, हरली तर खिडकीवर बसेल, एवढंच तिच्या हिशेबी होतं. "सांगितलं तर ती मुद्दाम गोड बोलायला लागेल, आणि मग आपण बुडालो," कप्तान म्हणायची.

तर फायनल होती शनिवारी दुपारी. आणि त्याच आठवड्यातल्या बुधवारी सकाळी अकरा वाजता अपडेट आलं.

मला काय राग आला म्हणून सांगू! नुसतं आलं असतं तर समजू शकले असते. पण असं दर वेळी होतं. पुरुषांचा कप चालू असेल तर कंपनी अपडेट दाबून ठेवते. त्यांनी सहा-सहा आठवडे एकाच गेमवर सराव करावा, म्हणून. त्यांचा कप संपला की दाबून ठेवलेलं सगळं एकदम सोडते, आणि महिलांचा कप नेमका तेव्हाच लावलेला असतो, कारण हॉल तेव्हा स्वस्तात मिळतो. तीन वर्षांत ही चौथी वेळ. माझ्याकडे तारखा लिहून ठेवलेल्या आहेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक बदलायचं, आणि तेही फक्त मुलींचं! मग लोक म्हणतात, महिलांच्या मॅचमध्ये चुका फार होतात. होणारच ना!

मी यादी छापून घेतली, पट्टी लावली. सहाव्या पानावर पेन्सिल थांबली. 'नावाड्याच्या होडीचा प्रवास: सहाऐवजी आठ सेकंद.'

मी ती ओळ मोठ्याने वाचली.

"आठ?" कप्तान म्हणाली. "बाई, नीट वाचा. छपाईची चूक असेल."

"मी नीटच वाचते. आठ."

दुपारभर त्यांनी करून पाहिलं. जुना ओरडा म्हणून मग दोन आकडे मोजायचे, असं ठरलं. घाईचे दोन आकडे अर्ध्या सेकंदात. ओरडा हळू म्हणून पाहिला, तर तो ओरडा राहिनाच, अंगाई झाली, आणि जांभईने खरोखर जांभई दिली. चौघी आळीपाळीने पाण्यात पडत होत्या. त्यांचा तो चेहरा बघून मी शेजारच्या टेबलावर बसले आणि स्पर्धेच्या आयोजकांना तक्रार लिहिली. चार पानी. तारखांसकट, मुद्द्यांसकट, एकही शुद्धलेखनाची चूक न करता. शेवटी लिहिलं, 'ही फायनल जुन्याच आवृत्तीवर खेळवावी.' पाठवून दिली आणि विसरून गेले. माझ्या तक्रारींना उत्तर येत नसतं, मी त्या मन मोकळं करायला लिहिते.

संध्याकाळी कप्तानाने डेपोत फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, मला जरा रागाव ना."

"काय केलंस?" पलीकडून बसचे हॉर्न ऐकू येत होते.

"काही नाही. नुसती रागाव. सकाळी रागावतेस ना, तशीच, पण दोन सेकंद जास्त."

"बरं नाहीये का तुला? जेवलीस का गं बाळा?"

कप्तानाने कपाळावर हात मारून फोन ठेवला. हुकमावर रागावणं सगळ्यांनाच कुठं जमतं!

मग ठरलं की राग खरा काढायचा. गुरुवारी पहाटे कप्तान उशीखाली फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून जागीच पडून राहिली. आई ओरडली, ही हलली नाही. परत ओरडली, ही पांघरूण ओढून घेते. आठ वाजता ती धापा टाकत खोलीत आली. केस न विंचरलेले, डोळे चमकतायत. "मिळालं!" असं म्हणून तिने फोन टेबलावर ठेवला. त्यातून आईचा आवाज आला, नेहमीचा ओरडा, आणि त्याच्या शेपटाला एक नवा तुकडा:

"... बस काय तुझ्यासाठी थांबणार आहे? आणि तू लोळतेयस अजून!"

घाईने स्टॉपवॉच लावलं. आठ सेकंद. एक केसभरही इकडेतिकडे नाही. मी त्या माउलीला मनातल्या मनात हात जोडले.

गुरुवार आणि शुक्रवार आमची खोली नुसती रागावत होती. 'आहे'वरची सवय मोडून 'अजून'वर उडी मारायची. पहिल्या दिवशी निम्म्या वेळा कुणीतरी बुडायचं. शुक्रवारी दुपारपर्यंत चौघी काठावर अशा उतरत होत्या की बघत राहावं. खालचे मालक वर येऊन म्हणाले, "गिऱ्हाईक विचारतायत, वर कोण एवढं लोळतंय?" मी दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. मला वाटलं, जिंकतो आपण.

शुक्रवारी चार वाजता मला मेल आला. 'आपल्या तक्रारीची योग्य दखल घेण्यात आली आहे. फायनल जुन्या आवृत्तीवर खेळवली जाईल.'

मी तो तीन वेळा वाचला. मुलींना वाचून दाखवायचं धाडस होईना. शेवटी गप्पीने माझ्या खांद्यावरून वाचला आणि फक्त "मावशी!" म्हणाली. बाकीच्या चौघी खुर्च्या फिरवून बघायला लागल्या. ज्या बाईच्या तक्रारीला जन्मात उत्तर आलं नाही, तिची तक्रार नेमकी त्या दिवशी ऐकावी? मला इतकी लाज वाटली की रागसुद्धा आला नाही.

मी तशीच उठून आयोजकांच्या ऑफिसात गेले. वेळापत्रक बघणारे साहेब खुर्चीतून उठले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "या, या! तुमचं पत्र आम्ही मीटिंगमध्ये वाचलं. सगळ्यांना पटलं बघा. काय मुद्देसूद!"

"ते मागे घ्यायचंय," मी म्हटलं.

त्यांचा आनंद ओसरला. "मागे? अहो, हॉलमधली सगळी मशीनं जुन्या आवृत्तीवर नेऊन झाली. आता परत फिरवली तर सकाळपर्यंत पुरी होणार नाहीत. आणि तक्रार काय तुमची एकटीचीच नव्हती. समोरच्या टीमचीही होती."

बाहेर बाकावर समोरच्या टीमचे कोच बसले होते. मोठ्या क्लबचे, भरतकाम केलेली टोपी घालणारे. आम्ही तीन वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो.

"तुम्ही पण मागे घ्यायला आलात?" मी विचारलं.

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मुलींनी तीन दिवस मरमर करून नवीन बसवलं हो. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

मी त्यांच्या शेजारी बसले. दोन शहाणी माणसं एका बाकावर. पुढच्या वर्षी महिलांच्या कपआधी पंधरा दिवस काहीही बदलायचं नाही, अशी तक्रार दोघांनी मिळून, एका कागदावर, आणि वेळेत करायची, असं आम्ही तिथेच ठरवलं. पण ते पुढच्या वर्षीचं. शनिवार उद्यावर आला होता.

शनिवारी सकाळी सरावाला दोन तास मिळाले. मी मुलींना म्हटलं, "एवढं अवघड नाही. आठाचे सहा करायचेत. शेवटचा तुकडा कापा. 'थांबणार आहे'ला उडी. पूर्वीसारखं."

छापखान्यात मी हेच करत आले. मजकूर पानात बसेना की खालून ओळी कापायच्या. वरचं महत्त्वाचं, खालचं गेलं तरी चालतं. बावीस वर्षांत याला अपवाद नव्हता. मुलींनी माना डोलावल्या. पण गप्पीने खालचा ओठ दाताखाली धरलेला मला दिसला, आणि मी तिला काही विचारलं नाही. तेवढं लक्ष मी द्यायला हवं होतं.

हॉल भरला होता. कप्तानाची आई तिसऱ्या रांगेत, डेपोचा युनिफॉर्म अंगावर, पर्स मांडीवर ताठ. चार वाजता तिची ड्युटी होती. कोचला डाव चालू असताना बोलता येत नाही, फक्त दोन डावांच्या मध्ये दहा मिनिटं. मी स्टेजखाली खुर्चीत बसले. तीन डावांत दोन जिंकायचे.

पहिला डाव. नावाड्याने धुकं पसरवलं. मला ओठ दिसत होते, "... बस काय तुझ्यासाठी थांबणार आहे," आणि कप्तान आणि गप्पीने उडी मारली. होडीतल्या बाकी दोघींचे ओठ हलतच राहिले. दोन दिवस जिभेला लावलेलं वळण! घाई आणि जांभई 'लोळतेयस अजून' म्हणेपर्यंत होडी परत फिरली होती. पलीकडच्या काठावर दोघीच, समोर पाच. पुढच्या खेपेला घाईने सावध होऊन आधीच उडी मारली, ती पाण्यात. तीनदा नदी ओलांडली आणि तीनदा तेच. आमचा दीपस्तंभ विझला. समोरच्यांचंही काही धड चालत नव्हतं, पण आमच्यापेक्षा बरं होतं.

दहा मिनिटं. स्टेजमागच्या खोलीत घाई रडत होती. "मला थांबताच येत नाही. तोंड आपोआप पुढे जातं."

"थांब म्हणजे थांब!" मी म्हटलं. "शेवट कापायचा, एवढं साधं..."

"मावशी," गप्पी म्हणाली.

"... नाही जमत म्हणजे काय, इतकी वर्षं तर..."

"मावशी, ऐक ना!" गप्पी ओरडली. गप्पी! मी तिच्या जन्मापासून तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. "शेवट नको कापूस. सुरुवात काप."

मी तिच्याकडे वळले.

"'ऊठ गं बाई, ऊठ' याला दोन सेकंद लागतात. त्यानंतर काकू थोडं थांबतात ना, नाडी ओढतात, त्याच्यासकट. मी मोजलंय. ते काढून टाकायचं. 'ऊन आलं तोंडावर'पासून सुरू करायचं. शेवट 'अजून'लाच, जिभेला सवय आहे तसाच."

घाईने नाक पुसून स्टॉपवॉच काढलं. कप्तानाने म्हणून दाखवलं, "ऊन आलं तोंडावर, डबा भरून झाला, बस काय तुझ्यासाठी थांबणार आहे? आणि तू लोळतेयस अजून!" सहा.

"हे सकाळी का नाही बोललीस?" मी गप्पीला विचारलं.

"तू बोलत होतीस," ती म्हणाली.

मला लागलं ते. पण चूक सापडली की मान्य करायची, समासात खूण करायची आणि पुढे जायचं, हा माझाच नियम. "माझी चूक," मी म्हटलं. "सुरुवात कापा. आणि गप्पी, यापुढे मला मध्येच तोडायचं. हा हुकूम आहे."

दुसरा डाव सुरू झाला. धुकं पसरलं आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा चौघी पलीकडच्या काठावर कोरड्या उभ्या होत्या. दुसऱ्या खेपेलाही कोरड्या. हॉल उठून ओरडायला लागला. बारा मिनिटांत त्यांचा दीपस्तंभ विझला.

तिसरा डाव मात्र लांबला. टोपीवाल्यांच्या मुली कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. आमचा दीपस्तंभ फडफडत होता, शेवटची एक खेप उरली होती. आणि तेव्हा आयोजकांनी ते केलं, जे ते रंगतदार क्षणी करतात. खेळाडूंच्या माइकचा आवाज हॉलच्या स्पीकरवर सोडला.

पांढराफटक स्क्रीन. हजार माणसं चिडीचूप. आणि त्या शांततेत पाच मुली एका सुरात, एका दमात, छपराला आवाज लावून:

"ऊन आलं तोंडावर, डबा भरून झाला, बस काय तुझ्यासाठी थांबणार आहे? आणि तू लोळतेयस अजून!"

चार उड्या. धुकं विरलं. चौघी काठावर. समोरच्यांना वळायला वेळच मिळाला नाही.

दीपस्तंभ विझला आणि मग काय झालं ते मला सलग सांगता येणार नाही. मी खुर्चीवर उभी होते एवढं आठवतं. टोपीवाले कोच माझा हात हातात घेऊन हलवत होते. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि मीही रडत होते, उघडपणे, रुमाल न काढता. लीग! खोली राहो न राहो, आता या पाचजणी एकत्र राहणार होत्या.

गर्दीतून वाट काढत कप्तानाची आई आली. चेहरा कडक. कप्तान तिच्यासमोर शाळेतल्यासारखी उभी राहिली.

"माझं घरातलं ओरडणं तू एवढ्या लोकांना ऐकवलंस?"

"आई, इतकी वर्षं आम्ही त्याच्यावरच खेळतोय. त्याच्यावरच जिंकलो."

आईने पर्स या हातातून त्या हातात घेतली. "मग म्हणायचं तर पूर्ण तरी म्हणा. 'ऊठ गं बाई' कुठे गेलं? उठवल्याशिवाय ऊन आलं म्हणून कुणी सांगतं का?"

मी आणखी तीस वर्षं प्रुफं तपासली असती तरी ही चूक मला दिसली नसती. तिने मुलीला एकदाच जवळ घेतलं, घट्ट, आणि घड्याळ बघून ड्युटीला निघून गेली. रात्री कप्तान घरी गेली तेव्हा फ्रिजच्या दारावर अर्ज नव्हता. त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर तिने दुसऱ्या दिवशीची भाजीची यादी केली होती.

सोमवारी आम्ही लीगच्या हॉलमध्ये गेलो. पंखे नाहीत, एसी. कॉम्प्रेसरची घुरघूर नाही, त्यामुळे जांभईला झोप येईना. कप्तान एक तास उशिरा आली. "आईने उठवलंच नाही," ती म्हणाली. "मी जागीच होते. वाट बघत पडले होते. ती दारात उभी राहिली, पांघरूण सारखं केलं आणि गेली. आता ती रागावत नाही."

यात काळजीचं काही आहे हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही. ते बुधवारी अकरा वाजता आलं. मी पट्टी लावून वाचत होते. पान तीन. 'नावाड्याच्या होडीचा प्रवास: आठऐवजी सात सेकंद.'

"सात," कप्तान म्हणाली. "आणि आई तर आता बाळा-बाळा करतेय."

मग हळूहळू पाचही खुर्च्या माझ्याकडे फिरल्या.

"काय?" मी म्हटलं.

घाईने खिशातून स्टॉपवॉच काढलं. गप्पीला हसू आवरेना.

मला समजलं आणि माझा पारा चढला. "मी तुम्हाला कोच वाटते का गजराचं घड्याळ? फिरवा त्या खुर्च्या, कानाला लावा हेडफोन, आणि गपचूप कामाला लागा!"

घाईने बटण दाबलं आणि काचेकडे निरखून बघितलं.

"साडेसहा," ती म्हणाली. "बाई, फक्त एक काना-मात्रा वाढवा."